पाटी आणि वही

अंबरनाथला आमच्या घरीं एक जुना संगणक आहे. त्यावर मीं ‘टायनी कोअर’ ही लहानशी लिनक्स प्रणाली चालविली, लेखनाचें साधन उतरविलें व नातवासाठीं पाढे लिहिले. सायंकाळीं वीज गेली. परत आली, तों साधनहि नाहीं आणि पाढेहि नाहींत!

दोष यंत्राचा नव्हता. रॉबर्ट शिंगलडेकर यांनीं सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ति २००९ च्या आरंभीं निघाली. तिचा सारा व्यवहार रॅममध्यें, म्हणजे पाटीवर चालतो. वीज गेली कीं पाटी कोरी.

वही आपणच द्यावी लागते. हार्ड डिस्कवर ‘टीसीई’ नांवाचा कप्पा करावा आणि साधन उतरवितांना ‘ऑनबूट’ निवडावें. मग यंत्र सुरू होतांच तें साधन आपोआप हजर होतें. लिखाण मात्र तेवढ्यानें राहत नाहीं. त्यासाठीं यंत्र बंद करतांना ‘बॅकअप’ घ्यावा. आणि वीज सांगून जात नसल्यामुळें कामाच्या मध्येंहि घेत जावा.

आमच्या शिवमंदिराचा काळ शके ९८२ हा आपणांस कळतो, तो कोणीं तरी दगडावर कोरून ठेविला म्हणून. नातवाचे पाढे मीं पुन्हां लिहिले. या खेपेस बॅकअप घेऊनच उठलों.