शिवार आणि भोंगा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आपण सारे पोटासाठी मुलूख सोडून आलेली माणसे. तरीही आपल्यापैकी अनेकांचे नाव अद्याप गावाकडच्या सातबाऱ्यावर आहे. आणि “जमिनीला गिऱ्हाईक आले आहे, सहीला या,” असा भावाचा निरोप आज ना उद्या यायचाच आहे. त्या सहीपूर्वी थोडा विचार व्हावा, एवढ्याच हेतूने मी एका गावाची हकीकत सांगणार आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली तिथे सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. केवळ शेतीवर सुखाने निर्वाह होईल अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. अनेकांना तारीत होती ती बाहेरची मजुरी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. पुढे त्यांनी शहरापासून दूरचे, जिरायती जातेगाव बुद्रुक पाहिले, तेव्हा तिथली स्थिती अधिकच हलाखीची आढळली. ‘शहराने खेडे बुडविले’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः वाटण्यांनी शेती आधीच तुटली होती, भोंग्याने तिला टेकू दिला.

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि हा टेकू भक्कम झाला. मुलगा पाळीवर, सासू-सून शेतावर. पगारातून विहिरीवर मोटर बसे, बहिणीचे लग्न होई. नोकरी जमिनीच्या जोडीला होती, जमिनीच्या बदल्यात नव्हती.

पुढे मात्र पीक सोडून जमीनच विकाऊ झाली. आज पिंपळे सौदागरच्या शिवारात ज्वारीऐवजी उंच इमारती उभ्या आहेत. पैसा आला, कोणी त्यातून दूरच्या तालुक्यात जमीन घेतली, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या, कोणाचा तो लग्नात आणि मोटारीत विरला. परंतु ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, त्या शेतमजुराला काय मिळाले? खुरपणी करणाऱ्या बाईचे काम गेले. तिला ना मोबदला, ना कारखान्यात जागा.

दुसरी वाटही आहे. हडपसरजवळ मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, २००० साली स्वतःची कंपनी काढली, आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक होऊन स्वतःच नगर वसविले. सर्वांनाच हे साधेल असे नाही. त्यांना एकी साधली, आणि शहराचा शेजारही लाभला. पण जमीन एकदा विकण्याऐवजी तिच्या उत्पन्नात वाटा राखावा, हा धडा लहान खातेदारालाही घेण्याजोगा आहे.

बंधूंनो, गावाने बदलू नये असा हट्ट आपण धरू नये. आपण स्वतः तरी कुठे तिथे राहिलो? मात्र निरोप येईल तेव्हा दोन गोष्टी अवश्य विचारा. विक्रीनंतर दरमहा घरात काय येणार? आणि बहिणीला विचारले आहे काय? २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर तिची सही गृहीत धरणे हा न्याय नव्हे. शिवार जाईल कदाचित. घर तरी एक राहो.