औषधदानाचे नवे रूप : गर्भवती मातेसाठी दूरवैद्यक साधने



तीर्थंकरांच्या पंचकल्याणकांचा आरंभ गर्भकल्याणकाने होतो. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात एक हृद्य प्रसंग आहे. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. परंतु त्यामुळे माता त्रिशला शोकाकुल झाली, तेव्हा त्यांनी किंचित हालचाल करून तिला आश्वस्त केले. गर्भाच्या हालचालीवर मातेने लक्ष ठेवावे, असे आजचे प्रसूतिशास्त्रही सांगते. परंतु शंका आली तर खेड्यातील मातेने विचारावे कोणाला?

सोलापूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तज्ज्ञ डॉक्टर आहेत. करमाळ्याच्या गर्भवतीला मात्र येथे येण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. हे अंतर कमी करण्याचा मार्ग म्हणजे टेलिमेडिसिन, अर्थात दूरवैद्यक सेवा. महाराष्ट्रात २००६-०७ च्या सुमारास इस्रोच्या साहाय्याने मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. २०१९ साली केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली.

पडदा आणि कॅमेरा म्हणजे टेलिमेडिसिन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पडद्यावर तज्ज्ञाला मातेचा चेहरा दिसतो, तिचा रक्तदाब दिसत नाही. तो मोजण्याची साधने मातेच्या बाजूलाच हवीत, आणि ती फार महाग नाहीत.

पहिले साधन रक्तदाबमापक, दंडाच्या मापाच्या पट्ट्यांसह. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब ही धोक्याची सूचना होय. त्यासोबत लघवीतील प्रथिने तपासण्याच्या पट्ट्या हव्यात. दुसरे हिमोग्लोबिनमापक : गरोदरपणात प्रमाण ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय, ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र समजतात. तिसरे ग्लुकोमीटर. चौथे वजनकाटा. पाचवे हातात धरण्याचे डॉप्लर. त्याने बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारण मानले जातात. याखेरीज टॅब्लेट, भरवशाचे इंटरनेट, वीज गेल्यास बॅटरी आणि तपासणीसाठी आडोसा एवढे असले की उपकेंद्र सज्ज झाले.

सोनोग्राफीची गोष्ट वेगळी. १९९४ च्या कायद्यानुसार हे यंत्र नोंदणीकृत ठिकाणी, पात्र डॉक्टरांनीच वापरावयाचे असते. गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. अहिंसा हा ज्यांचा परमधर्म, त्यांनी या कायद्याचा आदर सर्वांआधी करावयास हवा. म्हणून सोनोग्राफीचे यंत्र देण्यापेक्षा मातेला नोंदणीकृत केंद्रापर्यंत नेणारे वाहनभाडे देणे श्रेयस्कर.

कापडाच्या पेढीवर मीटरपट्टी कितीही चकचकीत असली, तरी तिच्यावर प्रमाणित मापाचा शिक्का नसेल तर व्यवहार खोटा ठरतो. वैद्यकीय साधनांचेही तसेच आहे. चुकीचा आकडा दाखवणारे यंत्र तज्ज्ञालाही चुकीच्या निर्णयाकडे नेते. यंत्रावर दात्याचे नाव कोरले जाते, समारंभ होतो. पुढे पट्ट्या संपतात, त्यांची मुदत उलटते, बॅटरी बसते आणि यंत्र कपाटात जाते. ही उणीव दानतीची नव्हे, हिशेबाची आहे. व्यापारी समाजाला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद सांगावयास नको. प्रत्येक यंत्रदानासोबत पाच वर्षांच्या पट्ट्या, दुरुस्ती, वार्षिक तपासणी आणि परिचारिकेचे प्रशिक्षण यांची तरतूद असावी.

आणखी एक भान हवे. रक्तस्राव, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे अशा वेळी पडद्यासमोर थांबणे नव्हे, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तत्काळ रुग्णालय गाठणे हाच उपाय. दूरवैद्यक हे रुग्णालयाला पर्याय नाही. धोका वेळीच ओळखण्याचे ते साधन आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चतुर्विध दाने जैन परंपरेने सांगितली. वेळेवर मोजलेला रक्तदाब हे औषधदान आहे, आणि त्यामुळे दोन जीवांना लाभणारी निश्चिंती हे अभयदान. सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने निदान एका उपकेंद्राची अशी पाच वर्षांची जबाबदारी स्वीकारावी, हीच विनम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!