चित्रपट घरी पाहिल्यावर

पूर्वी चित्रपट पाहायला तालुक्याच्या गावी जावं लागे आणि परतीच्या वाटेवर त्याचीच चर्चा चाले. आता चित्रपट घरातच येतो, अन् संपला की जो तो उठून जातो. विचारलं तर उत्तर एकच : “बरा होता नं!”

2009 साली सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. विदर्भातल्या किसना नावाच्या कापूसवाल्याची ही गोष्ट. गावातल्या एका शेतकऱ्याने जीव दिला, तशी किसनाची बायको अलका धास्तावते. नवऱ्याला सरळ विचारवत नाही. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागावर धाडते आणि घरात गोडधोड रांधते.

यावर मत कोणी द्यावं? देवळी-हिंगणघाटकडे ज्याने दुबार पेरणी केली, त्याने आधी. पेरलेलं बी वाया गेल्यावर माणूस असाच वागतो का, हे मुंबईचा समीक्षक काय सांगणार! पण मला विचाराल तर बायांचं मत अधिक मोलाचं. पोराच्या खांद्यावर एवढा भार टाकावा का? यावरून घरात दोन तट पडतील. पडू द्या. आणि कर्जाच्या घरात पाहताना कोणी गप्प झाला, तर ते गप्प होणंही मतच समजा. त्याच्याजवळ थोडं बसा.

1956 साली पुणे आकाशवाणीने 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोत्यांची मंडळं केली होती. कार्यक्रम ऐकायचा, लगेच चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. घरच्या पडद्यालाही ही रीत चालेल. गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांना नुसती गोष्ट विचारू नका. अलकाच्या जागी आपली आजी असती तर तिने काय केलं असतं, हे आजीलाच विचारून यायला सांगा.