अंगणात आलेली शाळा
(ज्युबिलीनिमित्त गोरेगाव येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने एखाद्या संताचे चरित्र सांगावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही ज्या बाईंविषयी बोलणार आहो, त्या आपल्या ख्रिस्तसभेच्याही नव्हत्या. त्या शिक्षिकांच्या शिक्षिका होत्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

१८९२ साली मुंबईस एका प्रार्थनासमाजी कुटुंबात त्या जन्मल्या व १९१४ साली पदवीधर झाल्या. संसारसुख त्यांना फार काळ लाभले नाही. पदरी एक कन्या घेऊन त्या पतीपासून विभक्त झाल्या. त्या गोष्टीचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पुढे राजकोटास अध्यापिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. पण गिजुभाई बधेकांच्या बालमंदिराची कीर्ती कानी येताच ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरास गेल्या. तेथे मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने शिक्षण चाले. या माँटेसरीबाई मात्र कॅथोलिक. रोमच्या दरिद्री वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी!

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरास शिशुविहार. शहरात नाव झाले. तरीही १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. बालविधवा अनुताई वाघ त्यांस सहकारी म्हणून मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. अशा वेळी आईबापांस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते (आपण बहुधा तेच करतो). ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आली. आज गोरेगावातील लेकरे ज्या अंगणवाडीत जातात, तिचे मूळ त्या अंगणात आहे. सरकारची योजना १९७५ सालची.

पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेल्या. थोरली बहीण धाकट्यास सांभाळीत घरी राहते, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र केली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. १९६२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी ते कार्य १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत, चालविले.

आता घरचे बोलू. आपला प्रश्नोत्तरीचा वर्ग देवळात भरतो आणि रविवारी मुले थोडी असली की आम्ही पालकांस बोल लावतो. पण कोणी शेळ्या राखते, कोणी ऊसतोडीस आईबापांबरोबर जाते. तेव्हा हा वर्ग वस्तीवर, कोणाच्या तरी ओसरीवर भरवावा, असा आमचा विचार आहे. त्याकरिता लहान मुलांत रमणाऱ्या दोन भगिनी हव्यात. शिकविणे आधी शिकावे लागेल. त्याची व्यवस्था आम्ही करू. आज मिस्सा संपल्यावर आम्ही पडवीत बसलेले असू. नावे तेथेच सांगावीत.