नांगर : शेतातला आणि समुद्रातला
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मराठीत शेतकऱ्याचा नांगर आणि खलाशाचा नांगर एकाच नावाने ओळखले जातात. पहिला संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, दुसरा फारसी ‘लंगर’पासून, मराठी जिभेवर दोघे एक झाले. हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे दुसरा अद्याप लंगरच आहे. गुरुद्वाऱ्यातील पंगतीचे नावही तेच, कारण फारसीत त्या शब्दाला अन्नछत्र हाही अर्थ आहे.

पोटापाण्यासाठी परप्रांती आलेल्या कुटुंबाने ‘येथेच नांगर टाकला’ असे म्हणताना, ते कायमचे स्थिरावले असे समजले जाते. खलाशाला हे पटणार नाही. त्याच्या लेखी नांगर टाकायचा तो पुन्हा उचलण्यासाठीच. शिवाय जहाज केवळ नांगराच्या वजनावर थांबत नाही. पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब साखळी सोडावी लागते. ती तळाशी पसरली की ओढ आडवी बसते आणि नांगराचे दात तळात रुततात. साखळी आखूड पडली, तर ओढ वरच्या दिशेने बसते, दात निसटतात आणि जड नांगरही फरफटत जातो.

मातृभाषेला नांगर म्हणणारी भाषणे महोत्सवांतून पुष्कळ होतात. साखळीविषयी फारसे कोणी बोलत नाही. परप्रांतातील मराठी घरात आजीशी मराठीत बोलणारे मूल धाकट्या भावाशी मात्र शेजारच्या भाषेत भांडते. साखळी आखूड होते ती तेथे. शाळेचे पाचसहा तास तिला पुरत नाहीत. आजी गावी गेली, की घरात उरते ती सणावारापुरती मराठी.