भाताचा वाण आणि शेतांतील कोळी

कल्याण आणि डोंबिवली यांच्यामधील ठाकुर्ली आतां शहरानें वेढली आहे. तथापि ठाणें जिल्ह्याचें मुख्य पावसाळी पीक अजूनहि भातच. या पिकाचा एक मोठा शत्रु म्हणजे तपकिरी तुडतुडा. हा इवलासा कीटक चुडाच्या बुंध्याशीं, पाण्यालगत बसून रस शोषतो. त्याची संख्या वाढली म्हणजे शेत जागोजाग करपल्यासारखें वाळतें, आणि शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो.

त्याच चुडांत तुडतुड्याचे वैरीहि राहतात. लांडगा-कोळी त्यास धरून खातो. एक हिरवट ढेकूण त्याचीं अंडीं शोधून त्यांतील रस पितो. औषध फवारलें कीं हे रक्षक मरतात. पानाच्या आवरणांत दडलेलीं अंडीं मात्र वांचतात, आणि तुडतुडे पूर्वींपेक्षांहि दाट होतात.

म्हणून किडीस स्वतःच दाद न देणारे वाण शोधण्यांत आले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९७३ सालीं आय. आर. २६ हा वाण दिला. परंतु दोन-तीन वर्षांतच तो पचविणारे तुडतुडे निपजले.

आतां, अशा वाणामुळें तुडतुडे घटले तर कोळ्यानें काय खावें? त्याची फारशी चिंता नको. तो चिलटांवरहि भागवितो. एकाच किडीवर जगणारा जीव मात्र तिच्याबरोबरच उणा होतो. गादमाशीच्या अळीचा नाश करणारी प्लॅटिगॅस्टर ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी अशांपैकींच होय.

याची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे. प्रतिकारक वाणावर तुडतुड्यास पोटभर रस मिळत नाहीं. तो अस्वस्थ होऊन हिंडूं लागतो, आणि हिंडणारें भक्ष्य कोळ्यास चटकन सांपडतें. अशा वाणावर लांडगा-कोळी अधिक तुडतुडे मारतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. म्हणून मध्यम प्रतिकाराचा वाण पुष्कळ जाणत्यांस बरा वाटतो. त्यावर थोडे तुडतुडे उरतात, रक्षक टिकतात, आणि वाणास पचविणारी नवी पिढी बळावण्यास वाव कमी मिळतो.

पण वाण असा लावून फवारणी जुन्या संवयीनेंच चालू ठेविली, तर हा सारा लाभ वायां जातो. इंडोनेशियानें तर १९८६ सालीं भातावरील ५७ औषधांस बंदी केली. ठाकुर्लीहून कल्याणच्या पुढें त्याच लोहमार्गावर कर्जतचें भात संशोधन केंद्र आहे. तेथील वाण लावणाऱ्यानें लावणीनंतर अधूनमधून चुडाशीं वाकून तुडतुड्यांबरोबर कोळीहि मोजावे. ते पुरेसे दिसले तर पंप घरींच राहूं द्यावा.