चालू आहे तेव्हाच बघायचं



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ हा विषय दिला आहे. माझा तिथला सगळ्यात मोठा अनुभव म्हणजे इंजिनाचं ऑइल बदलणं. हसू नका. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये होतो, तेव्हा दोन वर्षं आम्ही बोटीत राहिलो. उमरगा तालुक्यातली, टँकरच्या रांगेत घागर धरून वाढलेली मुलगी पाण्यावर राहायला गेली!

तिथल्या जुन्या कालव्यांची दारं सात फुटी, म्हणून बोटी त्याहून अरुंद. रुंदीला आपल्या एसटीपेक्षा कमी, लांबीला दीडपट. मरीना म्हणजे बोटींचा वाहनतळच. प्रत्येकीला ठरलेली जागा, नळ आणि विजेचं कनेक्शन. मागच्या टोकाला फळ्यांखाली डिझेल इंजिन. बोट त्यावर चालते, बॅटऱ्या त्यावर चार्ज होतात, आंघोळीचं पाणीही त्याच्यावरच तापतं.

पहिल्यांदा फळी उचलली आणि डिझेलचा वास आला, तेव्हा मला आमच्या विहिरीवरची शेड आठवली. आमचं इंजिन राजकोटला बनलेलं, लिस्टरच्या धर्तीचं. मूळ लिस्टर इंग्लंडमधल्या डर्सली गावचं, हे मला मरीनात कळलं, कारण शेजारच्या आजोबांच्या बोटीत लिस्टरच होतं.

दादा डिझेल सुती फडक्यातून गाळून टाकीत ओतायचे. ऑइल बदलल्याची तारीख शेडच्या भिंतीवर खडूने लिहायचे. मी बॅटरी धरून उभी. ‘पोरीला कशाला तेलात लोळवतोस?’ असं आजी म्हणायची. दादा तिला उत्तर द्यायचे नाहीत, मला पाना द्यायचे. इंजिनानं एअर धरली की कुठला नट सैल करायचा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत कसं थांबायचं, ते मी तिथे शिकले. त्यांचं एकच म्हणणं असे, ‘बंद पडल्यावर काय बघायचं? चालू हाय तवाच बघायचं.’

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. तेव्हा आपण आठवीत होतो. भूकंपानंतर वीज नव्हती, विहिरीवरच्या मोटारी बंद. दादांनी हँडल मारलं, लिव्हर सोडला आणि इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. शेतात उघड्यावर आलेल्या माणसांनी त्या पाण्याने घागरी भरल्या. त्या दिवशी भिंतीवरच्या खडूच्या तारखांचा अर्थ मला कळला.

बोटीतही मी तेच करायचे. निघण्याआधी ऑइलची पातळी, कूलंट, पट्ट्याचा ताण. पंख्याच्या दांड्याजवळून पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीसचा पितळी स्क्रू थोडा पिळायचा. अडीचशे तासांनी ऑइल बदलायचं. इंजिन बोटीच्या तळाशी, खालून बोल्ट काढायला जागाच नाही. म्हणून जुनं ऑइल गरम असताना छोट्या हातपंपाने वरून ओढून घ्यायचं. त्याचा थेंबही कालव्यात जाता कामा नये.

आणि एवढं सगळं माहीत असून मी चुकले. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसात नव्या आवृत्तीची घाई होती. डिझेलचा फिल्टर बदलणं मी ‘पुढच्या रविवारी’ म्हणत तीन महिने ढकललं. टाकी अर्धी रिकामी ठेवली. थंडीत रिकाम्या भागात बाष्प धरतं, पाणी तळाशी जातं आणि तिथे डिझेलमध्ये जंतू वाढतात. फेब्रुवारीत भर कालव्यात इंजिन खोकलं आणि थांबलं. वाऱ्याने बोट आडवी झाली. आत माझी सहा वर्षांची मुलगी. मी लांब बांबूने काठ गाठला, फिल्टर उघडला, तर कपभर पाणी आणि काळा चिखल. नवा फिल्टर घातला, एअर काढली, इंजिन सुरू झालं. मुलगी म्हणाली, ‘आई, तुला येतं!’ मला मात्र दादांसमोर उभं राहिल्यासारखं झालं. दादा त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. मागच्या मेळाव्यात आपण पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं, फीत कापली, फोटो काढले. आज सकाळी मी नळ फिरवला, तर कोरडा. फिल्टर एकदाही बदललेला नाही. चूक शाळेची नाही. आपण वस्तू दिली, पण तिच्या देखभालीची सोय केली नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की या वर्षी नवी वस्तू नको, नवी पाटी नको. जमलेले पैसे बँकेत ठेवू. व्याजातून दरवर्षी फिल्टर बदलायचे, संगणकांच्या बॅटऱ्या बघायच्या. वर्षाला दोघांनी जबाबदारी घ्यायची. पहिल्या वर्षी माझं नाव लिहा. मी एक वही आणि दोरी आणली आहे. यंत्राशेजारी खिळ्याला अडकवू आणि आजची तारीख तिच्यात लिहू.

खडू शाळेत आहेच.